‘निरंक’च्या रकान्यातल्या बायका

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अंतर्गत समिती आणि बाह्य सदस्याची भूमिका’ असा भारदस्त विषय छापला आहे. त्यावर बोलणार आहेच. पण सकाळपासून आपण कलमंच ऐकतोय, त्यातून ही जेवणानंतरची वेळ. म्हणून मी गोष्टीपासून सुरुवात करते. गोष्ट माझीच आहे आणि तिच्यात मी काही फार शूर वगैरे दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

२०१४ सालचा एप्रिल. एम.एस.डब्ल्यू.ची शेवटची परीक्षा झाली होती आणि ब्लॉक प्लेसमेंट तेवढं उरलं होतं. म्हणजे महिनाभर सलग एखाद्या संस्थेत काम करायचं, त्याशिवाय पदवी नाही. आधीची दोन वर्षं आम्ही क्षेत्रकार्यासाठी वस्तीत, बालवाडीत, कुटुंब न्यायालयात जात होतो. त्या वर्षी मात्र वर्गात वेगळंच वारं शिरलं होतं. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं होतं. ठरावीक मालमत्ता, उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, असं ते कलम. आता कंपन्या समाजकार्यवाल्यांना दारात येऊन बोलावणार, अशी हवा होती. मी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरच्या एका कंपनीत अर्ज केला. वस्तीतल्या कामाशी बांधून घेतलेल्या मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘चालली ही एअर होस्टेस व्हायला!’’ खरं कारण साधं होतं. तिथे स्टायपेंड मिळणार होता आणि माझ्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. विमानतळावर लहानमोठ्या कितीतरी कंपन्या असतात, त्यातली ही एक. प्रवाशांच्या बसण्याखाण्याची सोय पाहणारी. तिच्या मनुष्यबळ विभागात, ज्याला सगळे एच.आर. म्हणतात, तिथे मी इंटर्न.

तोवर मी विमानात बसलेली नव्हते. विमानतळाची माझी ओळख म्हणजे कुर्ल्याच्या रस्त्याने जाताना डोक्यावरून जाणारं पोट. नवं टर्मिनल फेब्रुवारीतच सुरू झालं होतं. मोराच्या पिसाऱ्यासारखे खांब, सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर मांडलेल्या मूर्ती, दरवाजे, लाकडी कोरीवकाम. पहिल्या दिवशी मी तोंड वासून पाहतच राहिले. मग लक्षात आलं की त्या भिंतीखाली सतत कोणीतरी पुसत असतं. इतकं सतत, की ती बाई दिसेनाशीच होते.

पासबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळी गोष्ट त्या पासाभोवती फिरते. विमानतळावर कामाला जायचं म्हणजे नोकरीचं पत्र पुरत नाही. पोलीस पडताळणी होते आणि मग छायाचित्र असलेला प्रवेश-पास मिळतो. तुम्ही कुठल्या भागात पाय ठेवू शकता आणि कुठे नाही, हे त्या पासावरून ठरतं. पास तुमच्या नावाचा, पण अर्ज तुमच्या कंपनीचा. कंपनीने तुमचं नाव काढलं की पास परत. माझा पास महिन्याभराचा, तात्पुरता. रोज गेटवर सी.आय.एस.एफ.च्या बाया पडद्याआड अंगझडती घ्यायच्या, डबा उघडून बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांच्यातली एक मला म्हणाली, ‘‘आज फिर से भिंडी?’’ तेवढीच ओळख, पण मला बरं वाटलं.

आता कामाचं. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंध, मनाई व निवारण कायदा २०१३ साली झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे मी गेले तेव्हा त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. कंपनीला घाई होती. मार्चअखेरचा वार्षिक अहवाल व्हायचा होता, त्यात या कायद्याबद्दल चार ओळी लागणार होत्या. मग समिती नेमा, पोस्टर करा, प्रशिक्षण घ्या, आकडे द्या. इंटर्न आहेच! एक महिन्याच्या मुलीच्या गळ्यात सगळं बांधलं गेलं. समितीला तेव्हा ‘अंतर्गत तक्रार समिती’ म्हणत. २०१६ च्या दुरुस्तीत ‘तक्रार’ हा शब्द गळला. तक्रारी तशाही गळतच होत्या.

पहिलं काम यादीचं. कंपनीत बायका किती? संगणकात एम्प्लॉयी कोड टाकला की नावं यायची. मी काढली, ६१ निघाल्या. काउंटरवरच्या मुली, हिशेब विभाग, दोन व्यवस्थापक. मी यादी घेऊन माझ्या वरिष्ठ बाईंकडे गेले आणि विचारलं, ‘‘मॅडम, सफाईच्या बायका?’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्या आपल्या रोलवर नाहीत गं. त्यांचा ठेकेदार बघेल.’’ त्या वाईट नव्हत्या. माझ्याच शाखेच्या, आठ-दहा वर्षं आधी पास झालेल्या. मला रोज त्यांच्या डब्यातलं काहीतरी वाढायच्या. पण ‘रोल’ हा शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की त्यापलीकडचं माणूस त्यांना दिसेना.

सफाईच्या आणि भांडी घासणाऱ्या बायका किती, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. म्हणून मी आपल्या पद्धतीने मोजायला लागले. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा अशा तीन पाळ्या. पाळी बदलताना मागच्या जिन्याशी उभं राहायचं आणि वहीत रेघा मारायच्या. तीन दिवसांत माझ्या रेघा ६१ च्या पुढे गेल्या. मग मी मोजणं सोडून त्यांच्याशी बोलायला लागले.

त्या जेवायच्या कुठे? बादल्या, मॉप आणि फिनेल ठेवायच्या खोलीत, उलट्या ठेवलेल्या कॅनवर बसून. प्रवाशांच्या संडासात घाम गाळायचा, पण स्वतःला जायचं तर खाली, लांब. तेव्हा १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होता. पिण्याचं पाणी, संडास, हातपाय धुण्याची सोय ठेकेदाराने केली नाही तर मुख्य मालकाने ती करून द्यायची आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करायचा, असं त्यात स्पष्ट होतं. हे मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. (तो कायदा आता नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या कलमांचे आकडे घोकून आता भागणार नाही, एवढंच सांगून ठेवते.)

बहुतेक जणी जरीमरी, बैलबाजार, मरोळ या बाजूच्या. म्हणजे धावपट्टीच्या भिंतीला लागूनच घरं. भिंतीच्या अलीकडे राहायचं, पलीकडे पुसायला जायचं आणि मधे गेट. सगळ्यात वयस्क होती तिला मी मावशी म्हणायचे. तिला सगळेच मावशी म्हणत, पण सुपरवायझर ‘ए मावशी’ म्हणायचा तेव्हा तो शब्द वेगळा लागायचा. मावशीने मला जे शिकवलं ते दोन वर्षांत कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नव्हतं. तिच्याकडून मला ‘पॉइंट’ आणि ‘रिलीव्हर’ हे दोन शब्द कळले.

पॉइंट म्हणजे तुमची ड्यूटीची जागा. एखादा पॉइंट हलका असतो, एखाद्या ठिकाणी लागोपाठ उतरणाऱ्या विमानांची गर्दी आठ तास कोसळत असते. आणि पॉइंट सोडून जाता येत नाही. जेवायला जायचं, लघवीला जायचं, पाळी आली म्हणून कपडा बदलायचा, तर तुमच्या जागी दुसरी बाई उभी राहायला हवी. ती रिलीव्हर. कुणाला कुठला पॉइंट आणि कुणाला कधी रिलीव्हर, हे सुपरवायझर ठरवणार. पगार ठेकेदार देतो, पण दिवस सुपरवायझरच्या हातात. आपण छळ म्हटलं की बढती, पगारवाढ, नोकरीवरून काढण्याची धमकी असं बोलतो. इथे बाईची लघवी त्याच्या मुठीत होती, त्याला धमकी द्यायची गरजच काय?

हे बोलणं चाललं होतं तेव्हा एक बाई गप्प बसलेली असायची. तिशीची असेल. मूळची परभणीकडची, दोन मुलं, नवरा असून नसल्यासारखा. हा माणूस तिला फिनेलचे कॅन मोजायला म्हणून खालच्या स्टोअरमध्ये बोलवायचा. जे चालायचं ते मी इथे सांगत नाही. तिने मला ते मोजक्या शब्दांत सांगितलं होतं आणि ते तिचे शब्द आहेत. नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिला रिलीव्हर नाही. एकदा सलग आठ तास नाही.

२४ एप्रिलला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं. आमच्या कार्यालयाला भरपगारी सुट्टी, पण प्रशिक्षणाची तयारी राहिली होती म्हणून मी गेले होते. दुपारच्या पाळीच्या बायका सकाळी मत देऊन, बोटाला शाई लावून आल्या होत्या. त्या एका यादीत त्यांची नावं होती. त्या दिवशी ती माझ्याजवळ आली. हातात मी केलेलं पोस्टर होतं, चौथ्या मजल्यावरच्या कार्यालयात लावायचं, इंग्रजीत. बाजूला हात वर करून ‘थांबा’ म्हणणाऱ्या बाईचं चित्र. ती चित्राकडे बघत म्हणाली, ‘‘ताई, तुमच्या त्या कागदात आमचं बसतं का?’’

मैत्रिणींनो, याचं उत्तर मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते स्वतः टाईप केलं होतं. प्रशिक्षणाच्या सातव्या स्लाईडवर. कायद्याच्या दुसऱ्या कलमात कर्मचारी कोण, याची व्याख्या आहे. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, थेट नेमलेली किंवा ठेकेदारामार्फत आलेली, मुख्य मालकाला तिची माहिती असो वा नसो, पगार असो वा नसो. कंत्राटी कामगार त्यात आहे. शिकाऊ उमेदवार त्यात आहे. म्हणजे तीही होती आणि मीही होते. तक्रार लिहिता येत नसेल तर ती लिहून काढायला समितीने मदत करायची, हेसुद्धा नवव्या कलमात आहे. मी तिला काय म्हणाले? ‘‘विचारून सांगते.’’

विचारलं. वरिष्ठ बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, ‘‘तू दोन आठवड्यांनी जाशील. मला इथे राहायचं आहे. ठेकेदाराशी बोलते मी तोंडी.’’ त्या खरंच बोलल्या असतील. माझ्या क्षेत्रकार्याच्या नोंदींमध्ये मी हे सगळं लिहिलं होतं, ती पानं कंपनीकडे सहीला जायची होती. त्या म्हणाल्या, हे सहीला येणाऱ्या कागदात नको. मी ती तीन पानं काढली. ती माझ्याकडे अजून आहेत.

आणि मग तो अहवालाचा तक्ता. वर्षभरात आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, प्रलंबित. तिन्ही रकान्यांत मी ‘निल’ भरलं. आपल्या मराठी सरकारी कागदांत याला ‘निरंक’ म्हणतात. किती सोवळा शब्द आहे बघा, डाग नसलेला.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि ते मी पहिल्यांदाच व्यासपीठावरून सांगते आहे. प्रशिक्षणाच्या दिवशी उशीर झाला म्हणून कंपनीच्या गाडीने मला अंधेरी स्टेशनला सोडायचं ठरलं. त्याच गाडीत एक अधिकारी होते, त्या पंचेचाळीस मिनिटांच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेले. चकाल्याच्या अलीकडेच त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तुझ्यात चमक आहे, इथेच राहायचं का, मी बोलतो, असं चाललं होतं. मी चकाल्याच्या सिग्नलला, ‘इथे माझी मैत्रीण राहते’ म्हणून उतरले. मैत्रीण वगैरे कोणी नव्हती. मग बसस्टॉपवर दोन बस सोडून उभी राहिले. मालकाने दिलेलं वाहन हेही कामाचं ठिकाण आहे. आठवी स्लाईड.

हे मी कोणाला सांगितलं नाही. महिना संपायला सहा दिवस राहिले होते, सर्टिफिकेट हवं होतं. म्हणजे त्या निरंकाच्या रकान्यात ती होती आणि तिच्याशेजारी मीही होते. तक्ता भरणारी आणि गिळणारी एकच. फरक एवढाच की मला चकाल्याला उतरता आलं. तिला पॉइंट सोडता येत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात ती दिसेना. मावशीला विचारलं. ‘‘पास जमा करून घेतला,’’ मावशी म्हणाली. बस्स. नोटीस नाही, पत्र नाही, चौकशी नाही. कामावरून काढलं असं कोणी म्हटलंच नाही. पास नसला की गेटवरचा जवान आत सोडत नाही, आणि तो त्याच्या जागी बरोबरच असतो. नोकरी घालवायची ही इतकी स्वच्छ पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. ऑगस्टमध्ये मी एका संस्थेत नोकरीला लागले आणि अंगात बळ आल्यावर जरीमरीला तिचा पत्ता शोधत गेले. खोलीत नवं कुटुंब राहत होतं. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार करायची, कारण पटवून दिलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, असा नियम आहे. पहिले तीन तोवर संपले होते.

आता जरा मागे जाऊ. आपल्या चळवळीत आपण विमान आणि बाई म्हटलं की एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला आठवतो. नर्गिस मिर्झा खटला, १९८१. पहिल्या गरोदरपणाला नोकरी जायची, ती अट न्यायालयाने रद्द केली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाण्याची अट मात्र योग्य ठरवली. यावर आपण खूप लिहिलं, बोललो. पण त्याच एअर इंडियाच्या इमारतींत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांचाही एक खटला होता. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ च्या अधिसूचनेने अशा इमारतींच्या झाडलोट, सफाई आणि राखणीच्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी केली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कामगारांना सामावून घ्या असं सांगितलं. पाच वर्षांच्या आत, ३० ऑगस्ट २००१ रोजी, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला आणि ती अधिसूचनाही रद्द केली. कामगार संघटनांना हे पाठ आहे. आपल्या किती जणींना माहीत होतं? मला नव्हतं. झाडू मारणाऱ्या बाईचा प्रश्न कामगारांचा आणि छेडछाड झालेल्या बाईचा प्रश्न स्त्रियांचा, अशी वाटणी आपणही करून टाकली होती. माझ्या वरिष्ठ बाईंच्या ‘रोल’ला मी हसते, पण आपलेही रोल असतात.

आणि गंमत बघा, हा सगळा कायदा आला कुठून? विशाखा निकालातून, १३ ऑगस्ट १९९७. आणि विशाखा कुणामुळे? भंवरीदेवीमुळे. राजस्थानातल्या भटेरीत सरकारी कार्यक्रमाची साथिन म्हणून काम करणारी, बालविवाह अडवायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली सूड उगवला गेलेली. तिच्याकडे कुठला एम्प्लॉयी कोड होता? मानधनावरची बाई ती. विशाखाच्या मार्गदर्शक सूचनांत पगारी, मानधनी आणि स्वयंसेवी अशा सगळ्यांचा उल्लेख आहे तो उगाच नाही. जिच्यामुळे कायदा झाला तिच्यासारखीच यादीबाहेर राहते, याला काय म्हणायचं?

तर बाह्य सदस्य. आपल्यातल्या निदान दहा-बारा जणी इथे अशा समित्यांवर आहेत. नियमांत बाह्य सदस्याला बैठकीच्या दिवसाचा २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च आहे. बऱ्याच कंपन्या त्याहून पुष्कळ देतात आणि आपण घेतो. घ्यावं, आपल्याही संस्थांना भाडी भरायची असतात. पण मग वर्षाअखेरीला तोच निरंकाचा तक्ता आपल्यासमोर सहीला येतो, आणि चहाबरोबर काजू असतात. मी सुरुवातीची दोन वर्षं सह्या केल्या आहेत. त्यानंतर मी एक खोड लावून घेतली. सही करण्याआधी मी गेटवरचं रजिस्टर मागते. एच.आर.ची यादी नव्हे, गेटची. त्या आवारात रोज कोण कोण बायका शिरतात, कुठल्या ठेकेदाराच्या, कुठल्या पाळीला. दोन्ही कागद शेजारी ठेवले की तोंडं बघण्यासारखी होतात. मग विचारायचं, समितीच्या नावांचा फलक कुठे लावलाय? एकोणिसाव्या कलमाने तो ठळक जागी लावायचा आहे. झाडूवाल्यांच्या खोलीत लावलाय का, आणि मराठी-हिंदीत आहे का? प्रशिक्षण रात्रपाळीला झालं का? मागच्या वर्षात कुणाचे पास जमा करून घेतले आणि का? हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. तक्रारींच्या रकान्यात जे सापडत नाही ते तिथे सापडतं.

वरून ताकद नाही असं समजू नका. गोव्यातून आलेल्या एका अपिलात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं आणि समित्या खरोखर आहेत का, हे तपासायला सांगितलं. १४ जुलै २०२५ पासून कंपन्यांनी संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांवर किती रेंगाळल्या हे आकडे द्यायचे आहेत. चांगलं आहे. पण आकडा छापायची सक्ती झाली की शून्य छापायची हौसही वाढते. शून्य आलं की आपण अभिनंदन करायचं नाही, विचारपूस करायची.

महाविद्यालयांत शिकवणाऱ्या ज्या इथे आल्या आहेत त्यांनाही एक सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत ‘परिसर’ या शब्दात इंटर्नशिप आणि अल्पमुदतीच्या प्लेसमेंटच्या जागाही धरल्या आहेत. म्हणजे मुलगी कंपनीत गेली तरी ती तुमच्या समितीच्या कक्षेतच आहे. माझ्या वेळी मला प्लेसमेंटला पाठवताना पत्र दिलं, विमा काढला, नीटनेटके कपडे घाला असं सांगितलं. काही झालं तर रात्री कुणाला फोन करायचा, ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही एक नंबर द्या. मुलीच्या हातात, कागदावर, कंपनीच्या दारात शिरण्याआधी. आणि तिने वहीतली तीन पानं काढली असतील तर ती का काढली, हे मार्क देताना विचारा. मला ‘अतिउत्तम’ शेरा मिळाला होता.

आता मी एका कंपनीच्या समितीवर आहे. विमानतळ नाही, पण तीन पाळ्या आहेत आणि गेट आहे. गेल्या महिन्यात तक्ता आला, निरंक. मी रजिस्टर मागितलं. तरुण मुलगा आहे एच.आर.चा, सज्जन. म्हणाला, ‘‘मॅडम, त्या आपल्यात येत नाहीत.’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, चहा राहू दे, खाली जाऊ या.’’ खाली मशीनच्या मागे चौघी जेवत बसल्या होत्या, कॅनवरच. त्याने त्यांना याआधी पाहिलं नव्हतं. घाबरला बिचारा. त्यांच्यातल्या एकीने मला डब्यातली भाकरी दिली आणि विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या कंपनीच्या?’’

सही मी अजून केलेली नाही. रजिस्टर पुढच्या बैठकीला आणतो म्हणाला आहे. संध्याकाळची पाळी बदलते त्या वेळची बैठक मुद्दाम मागून घेतली आहे. तुमच्यापैकी दोघी-तिघींनी बरोबर यावं, बायकांशी बोलायला मला एकटीला वेळ पुरत नाही. चहाच्या वेळी नावं द्या. येताना ओळखपत्र मात्र आठवणीने आणा, गेटवर पास काढावा लागतो.